प्राचार्यांचे घर आणि खाशाबांचे पदक

स्मरणिका समितीने माझ्याकडे खेळांवर लेख मागितला, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर आपल्या शाळेचे मैदान, मायनिंगच्या तांबड्या धुळीने रंगलेले सदरे आणि शिरोडेकरांशी झालेले सामने असणार. ते सगळे माझ्यापेक्षा रंगवून सांगणारे आपल्या बॅचमध्ये चारपाच जण आहेत आणि त्यांच्या गजाली एकदा सुरू झाल्या की स्मरणिकेची पाने कमी पडतील. म्हणून मी दुसऱ्याच एका खेळाडूविषयी लिहितो. तो आपल्या भागातला नव्हता. त्याचा खेळ आपल्याकडे फारसा कुणी खेळतही नाही. पण नोकरीची बहुतेक वर्षे मी कराड तालुक्यात शारीरिक शिक्षणाचा शिक्षक म्हणून काढली आणि त्या मुलखात या माणसाचे नाव घेतल्याशिवाय खेळाच्या तासाला सुरुवात होत नाही. नाव खाशाबा दादासाहेब जाधव. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळातले पहिले ऑलिम्पिक पदक मिळवून देणारा मल्ल.

आपला संबंध कुठे येतो, ते आधी सांगतो. आपल्यातले कितीतरी जण शाळा संपल्यावर वेंगुर्ल्याला कॉलेजात गेले. आरवली, मोचेमाडवरून जाणाऱ्या एस.टी.त उभ्याने प्रवास करून पदव्या मिळवल्या. त्या कॉलेजचे पूर्ण नाव बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर महाविद्यालय. आपण नुसते खर्डेकर कॉलेज म्हणतो. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयावरही हेच नाव आहे. हे खर्डेकर म्हणजे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य. पुढे १९५२ च्या पहिल्या लोकसभेवर ते निवडूनही गेले. खाशाबा त्यांच्या कॉलेजचा विद्यार्थी. या दोघांच्या मध्ये घराचे एक गहाणखत आहे, आणि मला मुख्यतः त्याच्याविषयी सांगायचे आहे.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा, गोळेश्वरचा. कृष्णा आणि कोयना जिथे समोरासमोर येऊन मिळतात त्या कराडला लागूनच हे गाव. वडील दादासाहेब स्वतः नावाजलेले पैलवान. पाच मुलांत खाशाबा सर्वांत धाकटे. आपल्याकडे मुलगा अंगापिंडाने दणकट निघाला की दशावतारात त्याला राक्षसाचे सोंग मिळते. तिकडे तो तालमीत जातो. पण खाशाबा दणकट असे नव्हतेच. उंची बेताची, वजन कमी, बघणाऱ्याला वाटावे की हा पोरगा फडात कशाला उतरला. पाचव्या वर्षापासून वडिलांनीच त्यांना मातीत उतरवले आणि आठव्या वर्षी त्यांनी पंचक्रोशीतल्या एका नामांकित मल्लाला दोन मिनिटांत अस्मान दाखवले, असे त्या भागात सांगतात. वजनाची उणीव त्यांनी चपळाईने भरून काढली. ढाक हा त्यांचा हातखंडा डाव. प्रतिस्पर्ध्याची मान बगलेत पक्की धरून त्याला स्वतःच्या अंगावरून फेकायचे. यात ताकदीपेक्षा वेळ साधण्याला महत्त्व असते. क्षणभर उशीर झाला तर फेकणाराच खाली येतो.

१९४० साली ते कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये दाखल झाले आणि १९४७ पर्यंत तिथे शिकले. ही वर्षे ध्यानात घ्या. १९४० चे ऑलिम्पिक आधी टोकियोला ठरले होते, मग हेलसिंकीला गेले आणि शेवटी महायुद्धामुळे झालेच नाही. १९४४ चे लंडनला व्हायचे होते, तेही रद्द. म्हणजे ज्या वयात खेळाडू तयार होतो, त्या सगळ्या वर्षांत जगातले सर्वांत मोठे मैदान बंद होते. सातारा जिल्ह्यात तर दुहेरी धामधूम होती. एकीकडे घराघरांतून मुले मराठा पलटणीत भरती होऊन इटलीपर्यंत लढायला जात होती, आणि त्याच गावांतून क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारची माणसे रात्री-अपरात्री ये-जा करीत होती. खाशाबांनी १९४२ च्या चळवळीत भूमिगतांना आसरा दिला, त्यांची पत्रके आणि निरोप पोचवले. पोरसवदा मुलावर पोलिसांची नजर जात नसे. धान्य आणि रॉकेल जपून वापरण्याच्या त्या दिवसांत पैलवानाचा खुराक कसा जमवला असेल, हे मी तिथल्या म्हाताऱ्या माणसांना विचारत असे. दूध घरचे, भाकरी घरची, बदाम मात्र यात्रेत कुस्ती मारली तर, असे उत्तर मिळे.

पुढच्या शिक्षणासाठी ते कोल्हापूरला राजाराम कॉलेजात आले. आपल्या कोकणातून कोल्हापूरला शिकायला जाणे नवीन नाही. अठरा वर्षे शिरोड्याच्या शाळेत शिकवणारे वि. स. खांडेकरही १९३८ साली कोल्हापूरलाच गेले. ते शहर दोन गोष्टींसाठी वेडे आहे, कुस्ती आणि फुटबॉल. शाहू महाराजांनी बांधलेले खासबाग मैदान तिथे आहे, आणि पेठापेठांचे फुटबॉल संघ ज्या तालमींच्या नावाने खेळतात त्या तालमीही. कॉलेजात बाबुराव बलावडे आणि बेलापुरे गुरुजी यांच्या हाताखाली खाशाबांची तयारी झाली. कॉलेजच्या वार्षिक स्पर्धेत खेळाच्या शिक्षकांनी त्यांची शरीरयष्टी पाहून नाव घ्यायचे नाकारले, तेव्हा हा मुलगा थेट प्राचार्यांच्या खोलीत गेला, परवानगी मिळवली आणि एकामागून एक कुस्त्या मारल्या, अशी हकिगत आहे. मी स्वतः खेळाचा शिक्षक असल्यामुळे ही गोष्ट मला थोडी टोचते, पण खरी वाटते. आम्ही मंडळी उंची-छाती मोजण्यात पटाईत असतो.

१९४८ साली मैदान पुन्हा उघडले. लंडनला ऑलिम्पिक भरले, २९ जुलै ते १४ ऑगस्ट. युद्ध संपून तीन वर्षे झाली होती, तरी इंग्लंडात अजून रेशन चालू होते. नवे मैदान बांधायला पैसे नव्हते, म्हणून वेम्ब्लीच्या जुन्या स्टेडियमवरच भागवले. पुरुष खेळाडूंना विमानदलाच्या छावण्यांत आणि शिक्षणसंस्थांत उतरवले. अंग पुसायचा टॉवेल ज्याचा त्याने आणायचा. खेळाडूंना रेशन वाढवून दिले ते गोदी कामगारांना मिळे तेवढे. जर्मनी आणि जपान यांना बोलावणेच नव्हते. आणि या मोडक्यातोडक्या थाटात एक नवा देश पहिल्यांदाच स्वतःचा तिरंगा घेऊन आला होता. तो आपला. ध्वज हाती घेऊन चालणारा होता तालिमेरेन आओ, नागा टेकड्यांतला तरुण, कलकत्त्याला डॉक्टरकी शिकणारा विद्यार्थी आणि फुटबॉल संघाचा कर्णधार.

रेडीच्या पोरांना फुटबॉलचे वेगळे काय सांगायचे! तेरेखोलच्या पलीकडे गोवा, तिथला वारा इकडेही येतो. तर आपला तो संघ ३१ जुलैला फ्रान्सविरुद्ध उतरला. बहुतेक जण अनवाणी. दोन पेनल्ट्या वाया गेल्या आणि सामना २-१ ने गेला. तरी त्या अनवाणी पोरांचे लंडनकरांनी कौतुक केले. युद्धानंतर खेळ पुन्हा सुरू झाला तो असा, वहीपुस्तके बाजूला ठेवून आलेल्या विद्यार्थ्यांच्या पायांनी.

खाशाबांच्या लंडनच्या वारीचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. संस्थान तेव्हा अजून अस्तित्वात होते. ते फ्लायवेट गटात, म्हणजे ५२ किलोंत उतरले. इथे कुस्ती न पाहिलेल्यांसाठी थोडे सांगायला हवे. आपल्या मातीतल्या कुस्तीत निकाल एकच. प्रतिस्पर्ध्याची पाठ जमिनीला लागून तो आभाळाकडे बघू लागला की संपले. तोवर अर्धा तास जावो की तास. हौद्यातली माती ताक, तेल, हळद घालून मऊ केलेली असते, पाय तिच्यात रुततो, पकड त्या हिशेबाने बसते. ऑलिम्पिकची कुस्ती गादीवर. पाय रुतत नाही, सरकतो. वेळ पंधरा मिनिटांचा, आणि चीत झाली नाही तर पंच गुणांवर ठरवतात. खाशाबांचा सगळा घडा मातीत भाजलेला. त्यांना गादीचे नियम शिकायला मिळाले ते लंडनच्या आसपासच, रीस गार्डनर या अमेरिकी प्रशिक्षकाकडून. तेवढ्या शिदोरीवर त्यांनी ऑस्ट्रेलियाचा बर्ट हॅरिस आणि अमेरिकेचा बिली जेर्निगन यांना हरवले. इराणच्या मन्सूर रईसीपुढे ते अडले. शेवटी सहावा क्रमांक आला.

सहावा क्रमांक म्हणजे काय, याचा अंदाज येण्यासाठी एक जुनी गोष्ट. पहिल्या महायुद्धानंतरचे पहिले ऑलिम्पिक १९२० साली अँटवर्पला झाले. त्यातही आपली मराठी मुले होती. बेळगावचा फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावला आणि एकोणिसावा आला. रणधीर शिंदे कुस्तीत चौथा आला, पदक एका पायरीवर चुकले. म्हणजे दोन्ही युद्धांनंतर मैदान उघडल्याबरोबर इकडची पोरे तिथे हजर होती. फक्त मधल्या अठ्ठावीस वर्षांत त्यांना गादी कुणी दिली नाही. चौथ्याचा सहावा झाला, यात खाशाबांचा दोष मला दिसत नाही.

परत आल्यावर चार वर्षे त्यांनी गादीच्या नियमांना धरून मेहनत केली आणि वजन वाढवून बँटमवेट गटात, ५७ किलोंत गेले. आता हेलसिंकी. १९४० ला जे शहर हुकले होते, त्याचीच पाळी १९५२ ला आली होती.

पण हेलसिंकीला पोचणे लंडनपेक्षा अवघड निघाले. आधी निवड. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत निरंजन दास या चांगल्या उंचापुऱ्या मल्लाविरुद्ध खाशाबांना एका गुणाने हरवण्यात आले. गुण देण्यात गडबड झाली, असे त्यांचे म्हणणे होते. ते गप्प बसले नाहीत. भारतीय ऑलिम्पिक संघटनेचे अध्यक्ष तेव्हा पतियाळाचे महाराज होते आणि त्यांना कुस्तीची जाण होती. त्यांच्याकडे दाद मागितल्यावर पुन्हा लढत ठरली. या वेळी खाशाबांनी गुणांचा प्रश्नच ठेवला नाही. चीत करून मोकळे झाले.

मग पैसा. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले होते. दरबार नव्हता, दरबारी थैली नव्हती, आणि नव्या सरकारला खेळाडू ही आपली जबाबदारी आहे याची सवय व्हायची होती. विलीनीकरण झाले ते योग्यच झाले. पण राजाश्रय गेला आणि लोकाश्रय अजून यायचा, अशा मधल्या पोकळीत जी माणसे सापडली त्यांतले खाशाबा एक. मुंबई सरकारला विनंती केली, तेव्हा स्पर्धा उरकल्यावर भेटा अशा अर्थाचे उत्तर मिळाले, असे त्यांच्या बहुतेक चरित्रांत येते. पुढे बऱ्याच खेट्यांनंतर ४००० रुपये मंजूर झाले. गोळेश्वरच्या लोकांनी घरटी वर्गणी काढली. कराडच्या दुकानदारांनी सामानसुमान दिले. खाशाबा स्वतः दारोदार फिरले. ज्याने तालमीत कुणापुढे पाठ टेकली नाही त्याला असे हात पसरताना काय वाटले असेल, याचा विचार माझ्या मनात अनेकदा येतो. एवढे करूनही रक्कम पुरी होईना.

तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी कोल्हापुरातले आपले राहते घर गहाण टाकले आणि ७००० रुपये उभे केले.

आजच्या पैशांत ही रक्कम किती, याचे हिशेब करणारे करोत. मला एवढे ठाऊक आहे की त्या काळी मास्तरकीच्या पगारात घर बांधणे ही आयुष्यभराची गोष्ट होती. शिक्षक आपल्या विद्यार्थ्याला फार तर वह्या देतो, फी भरतो, परीक्षेच्या आदल्या रात्री घरी झोपायला बोलावतो. आपल्या शाळेतही असे सर आणि बाई होऊन गेले, त्यांची नावे या स्मरणिकेत इतरत्र आलेली आहेत. पण घर? आणि तेही कशासाठी, तर परदेशात जाऊन कुस्ती खेळण्यासाठी, जिच्यात हरण्याचीच शक्यता अधिक. घरच्यांना त्यांनी हे कसे सांगितले असेल? पदक मिळाले म्हणून आज आपण हे कौतुकाने वाचतो. गहाणखतावर सही करताना पदक कुठेच नव्हते.

हेलसिंकीत जुलैच्या दिवसांत रात्र जेमतेम होते. तिथे खाशाबांनी कॅनडाच्या आणि मेक्सिकोच्या मल्लांना चीत केले, जर्मनीच्या मल्लाला गुणांवर हरवले. शेवटी पदकाच्या तीन जागांसाठी तिघे उरले, आणि हे तिघे कोण होते ते पाहण्यासारखे आहे. एक जपानचा शोहाची इशी. चार वर्षांपूर्वी ज्या देशाला दार बंद होते तिथला. हा मुळात ज्युडो खेळणारा. युद्धात हरल्यावर जपानवर ताबा असलेल्या दोस्त राष्ट्रांनी ज्युडोवर बंदी घातली म्हणून कुस्तीकडे वळला. दुसरा सोव्हिएत रशियाचा रशीद मम्मदबेयोव्ह. त्या देशाचे हे पहिलेच ऑलिम्पिक. आणि तिसरा कराडजवळच्या गोळेश्वरचा शेतकऱ्याचा पोरगा, स्वातंत्र्य मिळून पाच वर्षे झालेल्या देशाचा. युद्धाने जगाची जी उलथापालथ केली होती ती त्या एका गादीवर गोळा झाली होती.

इशीबरोबरची लढत लांबली. पूर्ण वेळ झुंजून खाशाबा गुणांवर हरले. अंगातले त्राण संपलेले. अशा वेळी नियमाने दोन लढतींत अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी. पण लगेच मम्मदबेयोव्हविरुद्ध उभे राहण्याचा पुकारा झाला. हरकत घ्यायला तिथे भारताचा एकही अधिकारी जागेवर नव्हता. खाशाबांना इंग्रजीत भांडता येईना, आणि भांडायचे तरी कुणाशी? ते उतरले आणि हरले. इशीला सुवर्ण, रशियनाला रौप्य, खाशाबांना कांस्य. तारीख २३ जुलै १९५२. अर्धा तास बसायला मिळाले असते तर काय झाले असते, यावर कराडात आजही तावातावाने वाद होतात. मी त्या वादात पडत नाही. पण शाळेचा संघ घेऊन कुठेही गेलो तर मुलांपासून हलायचे नाही, चहालासुद्धा जायचे नाही, हा माझा नियम मात्र या गोष्टीवरून पडला.

त्याच हेलसिंकीत कोल्हापूरकडचेच के. डी. माणगावे ६२ किलोंत चौथे आले. त्यांची आठवण कुणी काढत नाही. चौथ्या क्रमांकाचे असेच असते, रणधीर शिंद्यांपासून.

गावी परतल्यावर मात्र लोकांनी हात आखडता घेतला नाही. कराडपासून गोळेश्वरपर्यंत १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पंधरा मिनिटांची वाट, तिला सात तास लागले. गुलाल, ढोल, लेझीम. ज्यांनी आठ आणे, रुपया वर्गणी दिली होती ते सगळे त्या गाड्यांत बसलेले होते, असे मी कल्पनेने पाहतो. आपल्या गणपतीच्या मिरवणुकीला देवळापासून समुद्रापर्यंत किती वेळ लागतो, ते आठवा म्हणजे अंदाज येईल.

आणि मग खाशाबांनी जे केले, त्यासाठी मला हा लेख लिहावासा वाटला. मिरवणुकीचा गुलाल धुऊन झाल्यावर त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे मैदान भरवले. स्वतः लंगोट कसून उतरले, कुस्त्या जिंकल्या, आणि जमलेल्या पैशांतून प्राचार्यांचे घर सोडवून दिले. ऑलिम्पिक पदक गळ्यात पडलेला माणूस पुन्हा तिकिटाच्या कुस्तीला उभा राहिला. सत्काराला बोलावले म्हणून गेला नाही, कर्ज फेडायला गेला. घर सुटले. प्राचार्यांनी पैसे मागितल्याचे कुठेच वाचनात नाही.

पुढची हकिगत थोडक्यात सांगतो, कारण ती सांगताना हात जड होतो. १९५५ मध्ये ते पोलीस खात्यात फौजदार म्हणून लागले. पोलिसांच्या स्पर्धा जिंकल्या, इतरांना शिकवले. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत बढती अगदी अखेरीस मिळाली आणि सहायक पोलीस आयुक्त म्हणून ते निवृत्त झाले. निवृत्तीवेतनासाठीही त्यांना झगडावे लागले. १९८२ च्या दिल्लीच्या एशियाडमध्ये मशाल घेऊन धावणाऱ्यांत त्यांना बोलावले होते, तेवढाच काय तो राष्ट्रीय मान. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. वय ५८. लंडनचे ऑलिम्पिक संपले तीही १४ ऑगस्टच होती, छत्तीस वर्षांपूर्वीची.

हयातीत त्यांना ना अर्जुन पुरस्कार मिळाला, ना कोणता पद्म सन्मान. मृत्यूनंतर शिवछत्रपती पुरस्कार आला, मग २००१ च्या सुमारास अर्जुन. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांत दिल्लीच्या कुस्तीच्या सभागृहाला त्यांचे नाव दिले. त्यांच्यानंतर वैयक्तिक खेळातले पुढचे ऑलिम्पिक पदक लिअँडर पेसने आणले ते १९९६ ला, ४४ वर्षांनी. कुस्तीतले तर २००८ ला सुशीलकुमारने, ५६ वर्षांनी. आता १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस राज्याचा क्रीडा दिन म्हणून शाळाशाळांतून साजरा होतो. आपल्या शाळेतही होत असेल. फोटोला हार घालताना शेजारी खर्डेकरांचाही फोटो ठेवावा, अशी माझी सूचना आहे. वेंगुर्ला तालुक्यातल्या शाळेला तो मिळवणे कठीण नाही.

दुसरी सूचना पैशांची आहे आणि ती मी समितीला लेखी दिली आहे, इथे सर्वांसमोर ठेवतो. मेळाव्याचा जो निधी शिल्लक राहील त्यातून शाळेच्या दाराशी कमान बांधावी आणि तिच्यावर देणगीदारांची नावे कोरावीत, असा प्रस्ताव आहे. कमानीला माझा विरोध नाही, सुंदर दिसेल. पण आपल्या शाळेतली मुले आजही ओरोसला जिल्हा स्पर्धा जिंकतात आणि विभागासाठी कोल्हापूर गाठायचे म्हटले की घरी पैशांचा प्रश्न येतो. पहाटे उठून सावंतवाडी, मग आंबोलीचा घाट, आजरा, गडहिंग्लज असा दिवसभराचा प्रवास, वर राहण्याजेवणाचा खर्च. वडील होडीवर किंवा खाणीवर, मुलीला कोण घेऊन जाणार, हाही प्रश्न. अशा वेळी नाव दिलेले मूल ऐनवेळी जात नाही आणि शाळेच्या वहीत नुसता गैरहजर असा शेरा पडतो. म्हणून निधीतला काही भाग बँकेत ठेवून त्याचे व्याज मुख्याध्यापकांच्या हाती द्यावे, मुलांच्या आणि त्यांच्यासोबत जाणाऱ्या शिक्षकाच्या प्रवासासाठी. जिंकण्याची अट नको. पावत्यांपलीकडे कागदपत्रे नकोत. परतफेडीचा विषय एकदोघांनी काढला आहे. तो ठरावात घालू नये. खाशाबांनी पैसे फेडले ते आपल्या मनाने, खर्डेकरांनी लिहून घेतले होते म्हणून नव्हे.